मळे बंता?

अप्पा, तुमचा फवारा अखेर गेला. परवा सकाळी आई न्हाणीघरात असताना तो नळीसकट निखळून घंगाळात पडला. मी बाहेरून विचारलं, लागलं का? आतून आवाज आला, "साकु, पुरे, ओरडू नको. मी धड आहे." पण बाहेर आली तेव्हा केस अर्धेच भिजलेले होते आणि चेहरा पडला होता.

तुम्ही राजवाड्याच्या बागेतल्या फुटक्या झारीचं तोंड मागून आणलंत, तो दिवस मला अजून दिसतो. वाताने आईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला होता आणि डोक्यावर तांब्या ओतायला ती कुणाला आत येऊ देत नव्हती. तुम्ही न्हाणीघराच्या भिंतीवर, बाहेरून भरता येईल असा पत्र्याचा डबा बसवलात, त्याला नळी, नळीला झारीचं तोंड. कौलाच्या फटीतून ऊन उतरतंय, शिकेकाईचा वास अंगणभर पसरलाय, तुम्ही शिडीवर उभे राहून डब्यात ऊन पाणी ओतताय आणि मोठ्याने विचारताय, "मळे बंता?" पाऊस आला का, एवढंच. पण साताऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या आईला तुमचं कन्नड कधी सरळ ऐकायचंच नसे. आतून ती म्हणते, "मळ येत नाही, जातोय, अहो!" तुम्ही शिडीवर हसू दाबत नुसतं खाकरता. पुढे रोज हेच. तुमचं ते खाकरणं ऐकलं की मला वाटे, आता दिवस सुरू झाला.

आता दारात नळ आलाय, पण बन्नीमंटपाकडच्या आमच्या टोकाला येईपर्यंत त्याला दम उरत नाही. डबा अजून हातानेच भरावा लागतो. मार्केटजवळच्या इंग्रजी सामानाच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने थाळीएवढा पितळी फवारा पुढे केला. "हेच तोगोळी, हेच घ्या स्वामी, साहेबांच्या बंगल्यात हेच असतंय." फार देखणा होता, मलाही मोह झाला. पण आमचा डबा आईच्या डोक्यापासून जेमतेम हातभर वर. एवढ्याशा उंचीवरून पाण्याला जोर तो कुठला, थाळीच्या कडेने नुसतं ठिबकलं असतं आणि आई खाली कुडकुडत बसली असती. मी तांब्याभर पाणी मागितलं आणि दुकानाच्या पायरीवर एकेक फवारा उलटा धरून त्यात ओतून पाहिला. दुकानदार कपाळाला हात लावून बसला. शेवटी निवडला तो सगळ्यांत लहान, मोजक्याच पण मोठ्या भोकांचा. त्यातून पाणी एकत्र पडतं, विखरत नाही. बारीक नळीही काढून जाड घातली.

घरी मात्र मला धास्ती होती. तुमची सून म्हणाली होती, मी घालते न्हाऊ. त्यावर आई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. हा फवारा चालला नसता तर आईला कुणाच्या तरी हाताखाली बसावं लागलं असतं, आणि ते तिला फार लागलं असतं. मला ते बघवलं नसतं.

आज सकाळी शिडीवर चढलो, डब्यात ऊन पाणी ओतलं, तोटी सोडली.  मग दगडावर पाणी पडल्याचा आवाज आला, भरदार, एकसारखा. कौलातून तेच ऊन उतरत होतं. तोंडातून नकळत निघून गेलं, "मळे बंता?"

पाणी पडत राहिलं. मग आतून आईचा आवाज, तुम्ही गेल्यापासून ऐकला नव्हता असा हलका, "मळ येत नाही, जातोय, अहो!"

अहो म्हणाली, अप्पा. मला ती कधी अहो म्हणेल का?

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा सांगून टाकतो. मी आहे, आई, असं मला म्हणता आलं असतं. मी शिडीवर उभा राहून तुमच्यासारखा खाकरलो.