बसायला जागा नाही

३ मार्च
साहेबांनी आज सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली — "हिच्या मॉलमध्ये माणूस टेकूच शकत नाही!" केवढा हा मान! परक्या देशात येऊन वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या इमारतींतल्या संडासांचे नकाशे काढले, तेव्हा कुणी विचारलं नाही. बाकडी काढून टाकली आणि एकदम तज्ज्ञ झाले! बसलेलं गिऱ्हाईक खरेदी करत नाही, हे माझं थोर संशोधन. आता ऑफिसच्या दारावर भागीदार म्हणून नाव लागणार म्हणे.

७ मार्च
बाबा आले. आई गेल्यापासून तिकडे एकटेच. कायमचे राहा म्हटलं, तर म्हणाले, "महिनाभर बघतो." जावयाला दुखरा गुडघा दाखवून झाला, मला दाखवून झाला. उद्या लेकीचा मॉल बघायचाय. विमानात शेजारच्याला सांगत आलेत — मुलगी मोठी आर्किटेक्ट आहे!

८ मार्च
मॉलच्या वॉचमनचा फोन. "तुमचे वडील पलंगाच्या दुकानात आडवे झालेत." बसायला दुसरं काही सापडलं नाही. बाहेर पडायचं दारही सापडलं नाही — तेही मीच आडबाजूला ठेवलंय!

घरी येऊन म्हणाले, "इमारत झकास आहे गं. म्हाताऱ्यांना बंदी आहे का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा टाकला.

१२ मार्च
बाबा परतीचं तिकीट काढून बसलेत. "घरात दिवसभर चार भिंती. बाहेर पडावं तर टेकायचं कुठे?" नवरा म्हणतो, समजूत काढ. कशी काढू? मला बाकडी काढता येतात फक्त.

१४ मार्च
मॉलच्या चौकातली झाडं बदलायची आहेत. मी भोवती दगडी कठडा दाखवला. गुडघ्याइतका उंच, चांगला ऐसपैस रुंद, कडा गोल. नकाशात लिहिलं — मातीसाठी. साहेब खूश! "वा, हिरवळ!" माती बिचारी एवढ्या आरामात कधी राहिली नसेल.

२ एप्रिल
कठडा झाला. बाबा रोज जाऊन बसतात. भाषा येत नाही, पण शेजारच्या म्हाताऱ्याशी गुडघ्यांवर चर्चा रंगते — हातवाऱ्यांनी! परतीचं नाव काढत नाहीत. मीही आठवण करून देत नाही.

९ एप्रिल
साहेबांच्या लक्षात आलंच. "म्हातारे अड्डा जमवून बसलेत तिथे! तुमच्या लोकांना दिसेल तिथे बसायची सवयच." मी हसले. हसायचीही सवय आहेच आम्हाला. हुकूम सुटला — कठड्यावर लोखंडी टोकं बसव. उद्या त्या नकाशावर सही, मग दारावर नाव.

टोकं नेमकी कुठे बसवावीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. कठड्यावर नाही!

१० एप्रिल
नकाशावर सही केली नाही. राजीनाम्यावर केली. टोकांचा नकाशा आता दुसरं कुणीतरी काढेल. तिथून थेट मॉलमध्ये गेले.

"आज लवकर सुटलीस?"

"हो, बाबा."

ते जरा सरकले. "मग बस की."

बसले. उंची अगदी बरोबर आलीय.