पाहुण्यांसाठी वाफ

तारनाका, हैदराबाद
नोव्हेंबर १९९४

प्रिय त्रिवेणी,

तुझी ताकीद मला पाठ आहे: पत्र लिही, पण त्या घराचं नाव काढू नकोस. नाही काढत. मी माझ्या एका पेशंटबद्दल लिहिते. नर्सिंग ब्युरोनं उन्हाळ्यात मला त्यांच्याकडे पाठवलं तेव्हा पत्ता वाचूनच मी थबकले होते. पेशंटनं दार उघडलं, मला न्याहाळलं. आपण नर्सिंग शिकत होतो तेव्हा त्याच घरी बसून मी धपाटे हाणलेत, ते त्यांना आठवलं नसेल असं होणार नाही. पण ओळख काही दाखवली नाही. "पानी पी, मग कामाला लाग," एवढंच म्हणाले.

दमा जुनाच, आता फुफ्फुसंही थकलीत. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर घ्यायला सांगितलं. पूर्वी हे मशीन आपल्याला दवाखान्यातच दिसायचं. आता बाहेरचा माल येऊ लागलाय, इथल्या कोठी बाजारातल्या दुकानात सहज मिळालं. बटण दाबलं की घरघरतं, कपातल्या औषधाची वाफ होते आणि मास्कमधून छातीत जाते. पेशंट जाम खूश. "फॉरेनचं हाय," म्हणून सगळ्या गल्लीला दाखवून झालं.

इथपर्यंत ठीक होतं. पण माणूस उदगीरकडचा, आल्या-गेल्याला रिकामं पाठवेल तर शपथ. डॉक्टरांनी पानाचा डबा बंद केला, मग पाहुण्याला द्यायचं काय? त्यांनी त्यावर काय तोडगा काढलाय याचा मला पत्ताच नव्हता. एकदा संध्याकाळी गेले तर मास्कला जर्द्याचा वास, आणि औषधाची बाटली कधीच तळाला गेलेली. तेवढ्यात शेजारचे हणमंतराव आले, हात थरथरतायत, छाती धडधडतेय. त्यांना साधी सर्दी झाली होती आणि दुपारी आमच्या पेशंटनी प्रेमानं मास्क पुढे केला होता: "घ्या की दोन दम, छाती मोकळी होती." त्या औषधानं नाडी धावणारच. हणमंतरावांचं नशीब बरं की त्यांना हृदयविकार नव्हता.

मी फाडफाड बोलले. काका, हे औषध आहे, सरबत नाही. एकाचा मास्क दुसऱ्यानं लावायचा नसतो, त्याच्या छातीतली घाण तुमच्या छातीत जाते. ते शांतपणे म्हणाले, "कायकू चिडती पोरी? दारात आलेल्याला नाही कसं म्हनायचं?" तेव्हा जे माझ्या तोंडाशी आलं होतं ते तुला वेगळं सांगायला नको. मी ते गिळलं, यापुढे मास्क कुणाला देणार नाही असं त्यांच्याकडून वचन घेतलं आणि मास्क धुवायला घेतला.

आता पेशंट-पेशंट पुरे झालं, त्रिवेणी. तुझे बाबा दसऱ्यानंतर खूप आजारी पडले. गावाकडून उमाजी आला होता, खोकून खोकून बेजार झालेला. बाबांनी मला दिलेलं वचन मोडलं आणि त्याला वाफ दिली, वर तोच मास्क स्वतः लावला. चार दिवसांत ताप, छातीत कफ, मग दवाखाना आणि ऑक्सिजन. उमाजीचं दुखणं यांना लागलं असावं असं डॉक्टर म्हणाले, आणि असं पुन्हा झालं तर ही छाती सोसणार नाही, असंही म्हणाले. आता ते घरी आहेत. शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसतो. मी दोन वेळा जाऊन भागत नाही, घरात कायमचं माणूस हवं.

तू वॉर्डात हे पुष्कळदा केलं असशील, पण घरातलं वेगळं असतं, म्हणून सांगते. आधी हात धू आणि नाडी बघ. नेहमीपेक्षा फार धावत असेल तर औषध देऊ नकोस, डॉक्टरांना विचार. त्यांना खुर्चीत ताठ बसव, पलंगावर लोळत घ्यायला बघतात. औषध लिहून दिलंय तेवढंच, दम लागला म्हणून आपल्या मनानं वाढवायचं नाही. त्यात मिसळायचं ते सलाइनच, माठातलं पाणी नाही, मग ते कितीही उकळलेलं असो. मास्क नाकावर नीट बसव, नाहीतर वाफ डोळ्यांत जाते. आणि बोलू देऊ नकोस. मशीन चालू असताना त्यांना रेल्वेतल्या नोकरीच्या गोष्टी सुचतात आणि औषध हवेत जातं. कप फुरफुरायला लागला की बंद कर. मग कप आणि मास्क धुऊन, पाणी झटकून स्वच्छ फडक्यावर वाळत ठेव. पदरानं पुसायचं नाही. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

आता माझं. मला सौदीतल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, महिनाअखेर निघते. ब्युरोच्या दोन बायका येऊन गेल्या. बाबांनी दोघींना चहा पाजला आणि परत पाठवलं. काल मशीन लावून मी सहज सांगितलं, माझ्या वर्गातली एक आहे, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात असते, हात हलका आहे. नाव घेतलं नाही. त्यांनी मास्क काढला. मी ओरडले तरी लावेनात. वाफ नुसती खोलीत जात राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरकारी नौकरी... छुट्टी देतील का तिला?" मी म्हटलं, देतील. त्यांनी मास्क पुन्हा लावला, आणि मनाई असताना आतूनच विचारलं, "जावई बी येतील का?" तू विजयशी लग्न केलंस आणि त्यांनी तुम्हा दोघांना दारातूनच परत पाठवलं, तेव्हापासून त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी तुम्हा दोघांच्या वतीनं हो म्हणून बसलेय.

भांडलीस तरी तुझीच,
मीना