खालच्या दरवाजाची चिठ्ठी

तारीख ३, सोमवार, दुपार

प्रिय भावोजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरेच असाल, कारण वाईट बातमीला कुणाचा पत्ता विचारावा लागत नाही, ती आपसूक दारात येते. अठ्ठावीस वर्षांत आली नाही, म्हणजे तुम्ही हातीपायी धड आहात असं मी धरून चालले आहे.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. ते सूनबाईचं आहे. माझा हात हल्ली थरथरतो, म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. ती शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे अक्षर गोल आणि मोठं आहे, तुमच्या डोळ्यांना त्रास होणार नाही. मी सांगते त्यातलं निम्मं ती लिहिते आणि उरलेल्या निम्म्याला नुसती मान हलवते असा मला संशय आहे. हेही लिही म्हटलं.

तुमचा पत्ता ह्यांच्या वहीत सापडला. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तुम्हाला कळवलं होतं, तुम्ही आला नाहीत. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. म्हणायला मला तोंड नाही, पण ते राहू दे.

बातमी अशी की आपला क्लब मैदान सोडायचं म्हणतोय. शहराबाहेर, हमरस्त्याला लागून नवं स्टेडियम झालंय, तीस हजार खुर्च्यांचं. आपल्या मैदानात नऊ हजार माणसं मावतात आणि बारा हजार घुसतात, हे तुम्हाला मी काय सांगू, मैदानाचे मुकादम तुम्हीच होतात. तर गावात उभी फूट पडली आहे. न्हावी म्हणतो, तिथे खेळाडू मुंगीएवढे दिसतील. चष्मेवाला म्हणतो, मग माझ्याकडे या. पाववाल्याने दुकानात पाटी लावली आहे की इथे मैदानाचा विषय काढू नये, आणि प्रत्येक पावाबरोबर तो स्वतःच काढतो.

‘इथेच राहू’वाल्यांचा पुढारी कोण, ओळखा. शिंपी. हो, तोच. उजवा पाय अजून तसाच लाकडासारखा. शिलाई मशीन डाव्या एका पायाने चालवतो, आणि चालवतो अशी की दोन पायांच्या माणसाने लाजावं. त्याने एक भलामोठा कापडी फलक शिवलाय. त्यावर कोणाचं तोंड असेल? माझं! काळ्या कापडाचे केस, पांढऱ्या कापडाच्या सुरकुत्या. माझ्या सुरकुत्यांना त्याने दीड मीटर कापड घातलं. खाली लिहिलंय, ‘आजीचा दरवाजा हलणार नाही’. मी म्हटलं, बाबा, तो दरवाजा आताही हलत नाही, बिजागऱ्या गंजल्यात.

सगळं मैदान मला आजी म्हणतं. दरवाजावरची नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी दर सामन्याला खालच्या दरवाजाचं कुलूप मीच काढायचं असा त्यांनी नेमच करून टाकलाय. मी कुलूप काढते, लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला सोसत नाहीत, पण हे कुणाला सांगणार?

येत्या रविवारी सकाळी अकराला क्लबच्या हॉलमध्ये सभासदांची सभा आहे. हात वर करून मत द्यायचं. मला पहिल्या रांगेत, शिंप्याच्या शेजारी बसवणार आहेत. माझा हात कधी वर होणार ते माझ्याआधी गावाने ठरवून टाकलंय.

आणखी एक. गेल्या महिन्यात मोठा सामना होता. आपली नात खालच्या पायऱ्यांवर बसते. सामना सुटल्यावर ती घरी आली ती कोपर सोलवटून, शर्टाची बाही लोंबत, आणि हसत. “आजी, काय गर्दी झाली होती जिन्यावर! माझे पायच जमिनीला नव्हते, माणसांनीच मला उचलून बाहेर आणलं!” सगळे हसले. मी हळदीची… नाही, ते खोड, औषधाची बाटली आणायला आत गेले आणि आतच बसले.

भावोजी, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? राहायचं की जायचं? त्या दिवशी तुम्ही सोडावाल्याबरोबर जी चिठ्ठी

जाऊ दे. सूनबाई विचारते, कसली चिठ्ठी? खोडून टाक म्हटलं, तर म्हणते, मी मुलांना खाडाखोड करू देत नाही, मग मी कशी करू? मघाशीही केली नाहीच. पाहा, कुणाच्या हाती लेखणी दिली मी.

उत्तर लवकर पाठवा. रविवारच्या आत आलं तर बरं.

वहिनी


तारीख १०, सोमवार, सकाळ

प्रिय भावोजींस,

आशीर्वाद. तुमचं उत्तर आलं नाही. आठवड्याभरात यावं असं मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू? मला अठ्ठावीस वर्षं लागली.

आज सूनबाईला सांगितलंय, मान हलवायची नाही, सगळं लिहायचं.

पहिली गोष्ट, माझा हात थरथरत नाही. ठणठणीत आहे. काल पाण्याची भरलेली बादली उचलली. भावोजी, मला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. कधीच येत नव्हतं. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी तुमच्या घरी सांगितलं, मुलगी चौथी शिकलेली आहे. मी शाळेची पायरीसुद्धा चढले नव्हते. तुमच्या घरात सगळे वाचणारे. जेवताना वर्तमानपत्रावरून भांडणारे. मी घाबरले. मग चष्मा सापडेना, मग डोळे दुखायला लागले, मग हात ओला असायचा. हजेरीवर सही करायचे ती चित्र काढावं तशी, ह्यांनी एकदा काढून दिलेली. ह्यांना तेवढं ठाऊक होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत फक्त अंगठा होता.

आता तो दिवस. तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, पण माझ्या बाजूने तुम्ही तो कधी ऐकला नाहीत.

रोज तुम्ही स्वतः येऊन मला सांगायचात, वहिनी आज असं करा, तसं करा. त्या दिवशी अंतिम सामना होता, वरच्या फाटकावर माणसांचा लोंढा, तुम्हाला हलता येईना. म्हणून तुम्ही सोडावाल्याबरोबर चिठ्ठी पाठवलीत. त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “मुकादमांनी सांगितलंय, वाचून हो की नाही ते सांगा.” आजूबाजूला चार परगावची माणसं उभी. मी चिठ्ठी उघडली. तिच्यावर डोळे ठेवले, वाचणारी माणसं ठेवतात तितका वेळ. आणि म्हटलं, “हो, सांग त्यांना. वाचलं.”

मनात म्हटलं, काय असणार, नेहमीचंच. फुकट्यांना आत सोडू नका, नाहीतर काय. सामना सुरू झाला आणि मी रोजच्यासारखं कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली आणि पायऱ्यांवर जाऊन खेळ बघत उभी राहिले. शेवटच्या मिनिटाला गोल झाला तेव्हा मी नाचत होते, भावोजी. हेही लिही. नाचत होते. आणि सगळं मैदान खालच्या जिन्याने उतरायला लागलं. माझ्या आणि कुलपाच्या मध्ये तीनचारशे माणसं होती. मी ओरडत होते, किल्ली माझ्याकडे आहे, वाट द्या. प्रत्येकजणच ओरडत होता, माझं कोण ऐकणार? मी पोचेपर्यंत चौदा माणसं एकावर एक होती. सगळ्यात खाली शिंपी. जगली सगळी, पण त्याचा उजवा पाय कायमचा निकामी झाला.

चौकशीला आपल्याला समोरासमोर उभं केलं. तुम्ही म्हणालात, मी चिठ्ठी पाठवली होती, ‘हो’ असा निरोपही आला होता. साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला चिठ्ठी मिळालीच नाही. सोडावाला बिचारा शपथ घेऊन सांगत होता, पण तो पिणारा, त्याचं कोण धरतंय. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग खाली बघून म्हणालात, “असेल. राहून गेलं असेल.” वहिनीला चारचौघांत खोटं पाडायचं नाही म्हणून तुम्ही स्वतः बुडालात. नोकरी गेली, गाव सुटलं. तुम्हाला इतकी वर्षं वाटलं असेल की वहिनीने वाचलं आणि कानाडोळा केला. तसं नव्हतं. जे होतं ते त्याहून बरं की वाईट, ते तुम्ही ठरवा.

चिठ्ठी तेव्हाही माझ्या खिशात होती. नंतर बटणांच्या डब्यात ठेवली. ह्यांनाही दाखवली नाही. टाकवेना, आणि वाचून घ्यायचीही हिंमत होईना.

शनिवारी दुपारी डबा सूनबाईपुढे ठेवला आणि म्हटलं, मला वाचता येत नाही. ती म्हणाली, “माहीत आहे.” मी म्हटलं, कधीपासून? म्हणे, “मी ह्या घरात आले त्या वर्षापासून. पेपर वाचताना तुम्ही पान उलटायचात, पण तुमचे डोळे हलायचे नाहीत. माझ्या वर्गातली मुलं असंच करतात.” मग बोलली का नाहीस? “तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून.” एकोणीस वर्षं माझ्याच घरात ही माझ्यावर डोळा ठेवून होती!

मग तिने चिठ्ठी वाचली. मी पहिल्यांदा ऐकली.

“वहिनी, मागचा जिना दुरुस्तीला बंद केला आहे. आज सगळी गर्दी तुमच्याकडून उतरेल. काही झालं तरी खालच्या दरवाजाला कुलूप लावू नका. वरचं मी बघतो, खालचं तुमच्या भरवशावर.”

सूनबाईने दोनदा वाचली. मी तिसऱ्यांदा वाचू दिली नाही.

काल सभेला गेले. शिंपी शेजारी, मागे भिंतीवर माझं ते कापडी तोंड. आधी चष्मेवाला बोलला, मग न्हावी बोलला, मग दोघं एकदमच बोलले. मग शिंपी उठून म्हणाला, आता आजी बोलतील. टाळ्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, टाळ्या नंतर वाजवा, तेव्हा वाजवाव्याशा वाटल्या तर. आणि सांगितलं. वाचता न येण्यापासून चिठ्ठीपर्यंत सगळं, तुम्हाला सांगितलं तसंच. म्हटलं, दोष माझा होताच, पण जिना तेव्हाही अरुंद होता आणि आजही अरुंद आहे. गेल्या महिन्यात माझ्या नातीचे पाय जमिनीला नव्हते. माझ्यासारखं एखादं माणूस कुठल्याही दरवाजावर असू शकतं. एका म्हातारीच्या चुकीवर बारा हजार माणसांचा जीव टांगलेला असेल, तर ते मैदान सोडा.

कारकून कुजबुजत विचारत होता, हे कामकाजात कसं लिहू, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

शिंप्याने हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. त्याने मनात वाचली, मग मोठ्याने वाचली. म्हणाला, “ह्यात तर स्पष्ट लिहिलंय.” मी म्हटलं, लिहिलंय स्पष्ट, म्हणूनच मला कळलं नाही.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मशीनवर पाय ठेवला की रोज सकाळी पहिली शिवी मी मुकादमाला घालायचो. अठ्ठावीस वर्षं. त्या आता परत कशा घेऊ?”

मी म्हटलं, “त्यांना लिहून कळवा. तुम्हाला लिहिता येतं.”

त्याने चिठ्ठी माझ्या मांडीवर ठेवली, काठी घेतली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला. माझ्या शेजारची खुर्ची सभा संपेपर्यंत रिकामी राहिली. मतं झाली. एकवीस हातांच्या फरकाने मैदान सोडायचं ठरलं. मी जायच्या बाजूने हात वर केला. शिंप्याने राहायच्या बाजूने केला. सगळ्यांत उंच त्याचाच होता. पाय त्याचा गेला, पण मैदानावरचा जीव गेला नाही. ते त्याचं त्याच्याकडे.

घरी येताना पाववाल्याने पाव दिला, पण मैदानाचा विषय काढला नाही. त्याची पाटी पहिल्यांदाच पाळली गेली.

आज सकाळी दारात एक पुडकं होतं. उघडलं तर माझं तोंड. फलकावरून काढलेलं, नीट घडी घालून. भावोजी, त्याने ते फाडलं नव्हतं. उसवलं होतं. एकेक टाका, कापडाला धक्का न लावता, रात्रभर बसला असेल. रागावलेला माणूस फाडतो. उसवणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला समजत नाही. तुम्हाला समजलं तर कळवा.

घडीत एक चिठ्ठी होती. मी ती न उघडताच सूनबाईकडे दिली. तिच्यात एकच ओळ होती. “तुमच्या दिरांचा पत्ता द्या.”

दिला आहे. त्याचं पत्र येईल. भावोजी, माझं फाडून टाकलंत तरी चालेल, त्याचं उघडा.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या मैदानावर शेवटचा सामना आहे. मला आता कुलूप काढायला बोलावतील की नाही, ठाऊक नाही. तुम्ही या असंही मी म्हणत नाही. पण आलात, तर वरच्या फाटकाने येऊ नका, खालून या. मी पायऱ्यांपाशी असेन. जे काही बोलायचं असेल ते तोंडाने बोला. लिहून पाठवू नका.

सूनबाई विचारते, खाली तुमचं नाव लिहू का, नाहीतर ती चित्रासारखी सही काढा. दोन्ही नको म्हटलं. तिच्या शाळेतली शाईची गादी मागवून घेतली आहे. खाली जो डाग दिसतोय तो सांडलेल्या शाईचा नाही. इतकी वर्षं मुठीत लपवला होता, तो तुम्हाला पहिल्यांदा दाखवते आहे.

तुमची अपराधी,
अंगठेबहाद्दर वहिनी