जवाईबापूंचा गव्हाचा नेम

४ ऑक्टोबर, शनिवार
शुभाचा फोन. पोळ्याला दोघं येऊन गेल्यापासून आमच्या घरच्या जेवणाची चौकशी चालू होती, तिचा आज निकाल लागला. जवाईबापू (यापुढे ज.बा., पूर्ण लिहायला वेळ नाही) इथून नागपूरला गेले ते आठ दिवस पोट धरून होते. गहू, मैदा, रवा, काहीच चालत नाही त्यांना. आजाराचं नाव सिलिॲक. लग्नाआधीच सांगितलं होतं, आणि मी त्यांना गव्हाचा कणही वाढला नव्हता. तांदळाची भाकर, भात, वरण, उडदाचे वडे.
"मग कशानं झालं, आई? आठवून सांग."
आठवलं. भाकर चिकटत होती म्हणून खाली कणीक भुरभुरली. परथन.
"आई! परथन गव्हाचंच असते ना वो!"
आता परथनाला पीठ कोण म्हणतं? ते ताटात दिसत नाही, कोणी मागून घेत नाही. तीस वर्षं पोळ्या लाटते, परथन कधी जमेस धरलंच नाही.
म्हणाली, दिवाळीला येतो, मंडई (भाऊबीजेनंतरची गावची जत्रा, दुकानं आणि नाटक) करून जातो. पण या खेपेला पुन्हा पोट बिघडलं तर त्यांना परत आणणार नाही. मी एकटी सकाळी येईन, संध्याकाळी जाईन. रडली असती तर समजूत घातली असती. रडलीच नाही.

५ ऑक्टोबर
यांना सगळं सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "आपल्याकडे धानाशिवाय पिकते का? भात वाढ, झालं."
झालं कसं? भात आपण रोज खातो. पाहुणा आला की गहू निघतो. जावयाला दिवाळीत भात वाढला तर गाव काय म्हणेल, हे यांना शेतावर कळत नाही. मला इथे अंगणवाडीत दिवसभर ऐकावं लागतं.
मोठीबाई (मोठ्या दिरांची बायको, शेजारचंच घर, मधल्या भिंतीला दार) म्हणालीच: "जवायाले भात वाढशीन? तो का रोवन्याले आला का?" (रोवणा म्हणजे धानाची लावणी, भात मजुरांना.)
तिच्या हातच्या गव्हाच्या सुवाऱ्या म्हणजे पुऱ्यांच्या राण्या. चार गावांत नाव आहे. जावई आला आणि सुवारी न खाता गेला, असं तिच्या हयातीत झालेलं नाही. पोळ्याला ती माहेरी होती म्हणून निभावलं.

७ ऑक्टोबर
शुभानं मोबाइलवर यादी पाठवली. चौदा कलमं. आमच्या सुपरवायझर मॅडमसुद्धा एवढी पाठवत नाहीत. तवा वेगळा, पोळपाट वेगळा, चाळणी वेगळी, तळायला नवं तेल. कलम सात: गहू तळलेल्या तेलात दुसरं काही तळायचं नाही. कलम नऊ: चक्कीत आधी गहू दळला असेल तर ते तांदळाचं पीठ चालणार नाही.
चक्कीवाल्या देवाजीकडे गेले. म्हटलं, चक्की उघडून झाडून दे, जावयाला आजार आहे.
"बाई, रोग हाय त डॉक्टरले दाखवा. माह्या चक्कीले काऊन दाखवता?"
चार बाया हसल्या. मला राग आला, आणि रागात तोंडातून निघालं, "रोग नाई देवाजी, नेम हाय. जवायानं गहू सोडला हाय देवासाठी."
देवाजीचा हात दळणातून बाहेर. "मंग आधी सांगाचं ना बाई!"
गुरुवारी सकाळी पहिलं दळण माझं. दगड काढून ब्रश मारणार, वर पहिले दोन पायली तांदूळ स्वतःच्या घरचे दळून गाईला घालणार, मग माझे घेणार. हसणाऱ्या चार बायांनी डोक्यावर पदर घेतला.

९ ऑक्टोबर
देवाजी आंघोळ करून बसला होता. चक्कीला उदबत्ती लावलेली. पीठ असं पांढरं आलं की डबा उघडून दोनदा पाहिलं.
खोटं बोलले, पण काम झालं. आजार सांगितला की जो तो सल्ला देतो. थोडं खाऊन पाहा म्हणे, सवय होते म्हणे. नेम म्हटलं की सगळे मागे सरतात.
दुपारपर्यंत गावभर. मोठीबाई भिंतीच्या दारात उभी.
"कोन्या देवाचा?"
"कुलदेवतेचा."
"कोन हाय त्याईची कुलदेवता?"
मला काय ठाऊक. म्हटलं, अमरावतीकडची आहे.
"कवापावतर?"
"पाच वर्षं."
तिनं बोटांवर मोजलं. "बरं. उद्यापनाच्या सुवाऱ्या माह्या हातच्या. दुसऱ्या कोनाले सांगशीन त पाय."
हो म्हटलं. पाच वर्षांनी पाहू.

१२ ऑक्टोबर, रविवार
तांदळाच्या पिठाच्या करंज्या. पहिल्या सहा तेलात सोडताच उघडल्या, सारण एकीकडे, पारी एकीकडे. दुसऱ्या सहा उघडल्या नाहीत, पण दातानंही उघडत नव्हत्या. उकड काढून पुरणपोळी करायला गेले, तव्यावर तिचा नकाशा झाला. फसलेलं सगळं यांनी खाल्लं. कोणी सांगितलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर
तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरीणबाईकडून वाळलेले शिंगाडे घेतले. जुन्या जात्यावर घरीच दळले, त्या जात्यानं वीस वर्षांत गहू पाहिलेला नाही. तांदळाच्या पिठात शिंगाड्याचं पीठ, थोडं साबुदाण्याचं, मळताना गरम दूध. करंजी जमली! कडा जरा जाड, पण उघडली नाही, आणि खाताना करंजीच लागते. बारा केल्या. पाच यांनी "तपासल्या".
अंगणवाडीत गरोदर बायांच्या वजनाचा काटा आहे, त्यावर यांना उभं केलं. रविवारपासून सव्वा किलो जास्त. शेरा: सुधारणा समाधानकारक.

१७ ऑक्टोबर
यांनाही उत्साह आला. ज.बा.च्या भांड्यांना लाल दोरा बांधतो म्हणाले. मी अंगणवाडीतून येते तर स्वयंपाकघरातल्या सगळ्याच भांड्यांना लाल दोरा.
"हे का?"
"ज.बा.च्या भांड्याले लाल."
"आणि कणकेच्या डब्याले?"
"तो त धोक्याचा लाल हाय ना."
कोणता दोरा जावयाचा आणि कोणता धोक्याचा, ते त्यांनाही सांगता येईना. सगळं पुन्हा घासलं, राखेनं, मग साबणानं. आता ज.बा.ची भांडी वेगळ्या खोलीत, कुलपात. किल्ली माझ्या मंगळसूत्राला. यांना आत जायला बंदी.

२० ऑक्टोबर
आले. सडक अर्जुनीला बसमधून उतरवून घ्यायला हे गेले होते. ज.बा. पोळ्यापेक्षा वाळलेले दिसले. माझ्यामुळे. अंगणवाडीत कोणाचं मूल असं दिसलं असतं तर मी आईला दहा गोष्टी ऐकवल्या असत्या.
शुभा चपला काढायच्या आधी कुलपाच्या खोलीत गेली. यादी हातात घेऊन चौदा कलमं तपासली. आईला एवढं तपासतात का? पण बाहेर आली तेव्हा तोंड जरा सैल झालं होतं.
गावात शिरताना लोक ज.बा.ना हात जोडत होते म्हणे. "काऊन जोडून राहिले?" शुभानं विचारलं. म्हटलं, दिवाळी आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
नव्या तांदळाचा भात, आयते (तांदळाची धिरडी), वडे, शिंगाड्याच्या करंज्या, अनारसे. ज.बा. अकरा करंज्या खाऊन गेले. मी मोजत नव्हते, हे मोजत होते.

२२ ऑक्टोबर
पोट ठीक आहे का, हे शुभाला विचारलं. ठीक. एका तासानं पुन्हा विचारलं. ठीक. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "आई, आता विचारशील तर तुझंच दुखेल."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
नेमाचं बिंग फुटायला आलं होतं. देवाजी ज.बा.ना भेटायला आला, नारळ घेऊन! "महाराज, चक्कीले पाय लावून द्या एकडाव." ज.बा. माझ्याकडे पाहून राहिले. हे मध्ये पडले, "जवाई थकले हायत," म्हणून देवाजीला चहाला घेऊन गेले. यांची संसारात पहिल्यांदा वेळेवर मदत झाली.
शुभाला सांगावंच लागलं. आधी डोक्याला हात लावला, मग हसत सुटली. ज.बा.ही हसले. म्हटलं, चला, उद्याची मंडई झाली की सुटलो.

२४ ऑक्टोबर, मंडई
आजचं लिहूनच ठेवते.
दुपारची पंगत. घरचे, पाहुणे मिळून पंधरा-सोळा. ज.बा.चं ताट मी वाढलं, माझ्या किल्लीच्या खोलीतलं. तेवढ्यात भिंतीच्या दारातून मोठीबाई. हातात परात, परातीत सुवाऱ्या, टम्म फुगलेल्या. म्हणाली, जवायाचा नेम मोडू नये म्हणून आठ दिवस खपून तांदळाच्या पिठाच्या केल्या. देवाजीकडून माझ्यासारखंच वेगळं दळणही तिनं घेतलं होतं. आठ दिवस! मला पत्ता नाही. ज.बा.च्या ताटात तीन ठेवल्या आणि समोर बसली, डोळे त्यांच्या तोंडाकडे.
शुभा माझ्याकडे बघायला लागली. कलम सात.
विचारलं, "मोठीबाई, तळल्या कशात?"
"कढईत. आनखी कशात?"
"तेल कोणतं?"
"सकाळचंच. आधी पाव्हन्याईच्या तळल्या, मंग ह्या."
ज.बा.नी घास तोडला होता. मी त्यांच्या हातातला घास घेतला आणि ताट उचललं. जेवत्या जावयापुढचं ताट! 
मोठीबाई उठली. "काऊन वो लता? नेम गव्हाचा हाय, तेलाचा त नाई ना!"
बरोबरच बोलली. नेमाला तेल चालतं. पोटाला चालत नाही. सगळ्यांसमोर खरं सांगितलं: नेम नाही, आजार आहे, गहू तळलेल्या तेलानंही आतडं सोलतं, मी खोटं बोलले.
तिला आजाराचं काही वाटलं नाही. "माह्यासंगं खोटं बोलली," एवढंच म्हणाली. परात उचलली, गेली. मधलं दार लावलं. ते दार मी लग्न होऊन आले तेव्हापासून लागलेलं नव्हतं.
नवं ताट वाढलं. कोणाला नाटक पाहायचं होतं, कोणाला दुकानं, सगळे मंडईत गेले. मी घरीच बसले. चूक माझी होती आणि ती सुधारायलाही मीच अपमान केला, दुसरं काही सुचलं नाही.

२५ ऑक्टोबर
गेले. शुभा गळ्यात पडून म्हणाली, "आई, पाच दिवस एकदाही दुखलं नाही त्यांचं. होळीला येऊ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही.
मोठीबाई निरोपाला आली नाही. पण मी भिंतीवरून पाहिलं, ती अंगणात चुलीजवळ बसून गाणं गुणगुणत होती. रागावलेलं माणूस गुणगुणतं का?

२९ ऑक्टोबर
अंगणवाडीत फोन. ज.बा.! लग्नाला आठ महिने झाले, आजवर काही हवं असलं तरी शुभाच्या तोंडून मागायचे. आज थेट.
"आई, एक सांगायचं होतं. शुभाला सांगू नका."
ऐकून रजिस्टर हातातून पडलं. मंडईच्या दिवशी सगळे बाहेर गेले तेव्हा ज.बा. मागच्या अंगणातून मोठीबाईकडे गेले. ती एकटी बसून रडत होती म्हणे, परात तशीच समोर. माफी मागायला गेलो होतो म्हणाले. "आणि मग मी एक खाल्ली, आई. तांदळाची नाही. गव्हाची."
तीन दिवसांपासून पोट धरून आहेत. शुभाला ऑफिसच्या कँटीनचं नाव सांगितलंय.
मी खूप बोलले. शिकलेला माणूस, बायको चौदा कलमं लिहिते, सासू किल्ली गळ्यात घालून फिरते, आणि हे! निमूट ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाले, "सहा वर्षांनी खाल्ली, आई."
कशी होती, असं माझ्या तोंडातून निघून गेलं.  मग म्हणाले, "ते नका विचारू."
राग आहेच. पण मला फोन केला, त्यांच्या आईला नाही, हेही दिवसभर मनात आहे.

३१ ऑक्टोबर
सकाळी मोठीबाई बोअरवर भेटली. दोघींच्या घागरी भरल्या तरी कोणी उचलेना. शेवटी मीच: "मोठीबाई, आजार हाय म्हणून मी सगळ्याईसमोर सांगतली होती ना? तरी खाऊ देली?"
"मी नाई देली. त्यानं परातीतून उचलली. लहान लेकरावानी."
"अडवाचं ना मंग!"
ती घागर काखेत घेऊन उभी राहिली. "एक खाल्ली तवा रडतच होती मी, दिसलं नाई मले. मंग दुसरी मागली त्यानं. नाई देली." जायला वळली, पुन्हा थांबली. "हात धरून परात मागं घेतली. जवायाच्या हातातून. मी! आता गावाले सांगशीन का?"
नाही म्हटलं. घरी आले तर मधलं दार उघडं होतं.
शुभाचे दोन फोन येऊन गेले. तिसरा आता येतोय. होळीचं विचारेल, नाहीतर कँटीनचं.