पारव्यांची वेगळी सोय

२३ मार्च, रविवार
विहारात कमिटीची मीटिंग. बुद्ध पौर्णिमेच्या फुलांचा विषय निघाला. दरवर्षी आमच्या समोरच्या बिल्डिंगमधला रवींद्र पहाटे टेम्पो काढतो आणि कल्याणच्या बाजारातून फुलं आणतो. पूजेचं फूल आपल्या हाताने वाढवलेलं असावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. आज ते तोंडातून बाहेर पडलं. म्हणालो, या पौर्णिमेला पूजेची सगळी फुलं माझ्या गॅलरीतून येतील. पांढरा मोगरा. बाजारातून पाकळीसुद्धा आणायची नाही.
पूजेचं सगळं बघणाऱ्या धम्मदिनाताई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात. रवींद्र म्हणाला, मग टेम्पो काढायला नको. मी म्हणालो, बिलकूल नको.
घरी येऊन बकुळाला सांगितलं. तिने विचारलं, आपल्याकडे मोगरा आहे का? मोगरा नाही. पण गॅलरी आहे. सुरुवात कुठून तरी होतेच.

२५ मार्च, मंगळवार
गोडाऊनची ड्युटी संपवून येताना रस्त्याकडेच्या नर्सरीतून मोगऱ्याची रोपं आणली. शेणखत घातलं, माती भरली, कुंड्या ओळीने लावल्या. डिस्पॅच सुपरवायझरची ओळ आहे, वाकडी असणार नाही. मोगरा छाटला की जोमाने फुटतो म्हणून पॅकिंगच्या कटरने सगळी रोपं छाटली. गावच्या शाळेत आम्हाला परसबागेचा तास होता. माझ्या वाफ्यातलं वांगं गुरुजींनी घरी नेलं होतं. पाया पक्का आहे.
लेक कॉलेजातून आली. संघरत्ना विचारते, पप्पा, काड्या कशाला रोवल्या?
उत्तर मोगरा देईल.

२९ मार्च, शनिवार
पारवे आले. इथे सगळे कबुतर म्हणतात. आम्ही गावाकडे पारवा म्हणायचो. शब्द किती शांत आहे. पक्षी तसा नाही. कुंड्यांतली माती उकरून ठेवली आणि रेलिंग घाण केलं.
जुन्या सीड्या दोरीला बांधून टांगल्या. चकाकीला पारवा घाबरतो. एक पारवा सीडीसमोर बसून स्वतःकडे बघत होता. आत्मपरीक्षण सुरू झालं असेल तर वाईट नाही.

२ एप्रिल, बुधवार
प्लास्टिकचं घुबड आणलं. डोळे लाल, मान हलते. संध्याकाळी एक पारवा घुबडाच्या डोक्यावर बसलेला आढळला. मानेबरोबर तोही हलत होता.
बकुळाने घुबड धुऊन माळ्यावर ठेवलं.

६ एप्रिल, रविवार
विहारात भन्तेजींनी मैत्रीभावनेवर सांगितलं. शत्रूलाही मैत्री द्यावी. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आजवर पारव्यांना अडवत होतो, त्यांची सोय केली नव्हती.
गोडाऊनमध्ये दोन पार्ट्यांच्या गाड्या एका गेटवर आल्या की राडा होतो. मी काय करतो? दुसरं गेट उघडतो. तसंच इथे. गॅलरीशेजारच्या छज्ज्यावर एका ताटलीत ज्वारी ठेवली, मातीच्या भांड्यात पाणी ठेवलं. पारव्यांची वेगळी सोय. ते छज्ज्यावर, मोगरा गॅलरीत. भांडण नाही.
बकुळाचं म्हणणं, दाणे ठेवले तर आणखी येतील. तिने गोडाऊनमध्ये काम केलेलं नाही.

९ एप्रिल, बुधवार
योजना प्रचंड यशस्वी. सगळे पारवे छज्ज्यावर. ज्यांना छज्ज्यावर जागा मिळत नाही ते गॅलरीत नंबर लावून थांबतात. ही शिस्त मी आमच्या ड्रायव्हरांमध्येही पाहिली नाही. नवे चेहरेही दिसू लागले आहेत. बातमी पसरली असावी.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. दिवसभर मिरवणुकीत. ज्वारी ठेवायची राहिली. घरी आलो तर बकुळाची तक्रार, पारवे स्वयंपाकघराच्या खिडकीवर चोची आपटत होते.
एवढा हक्क माणूसही दाखवत नाही. मन भरून आलं.

१८ एप्रिल, शुक्रवार
मोगरा फुटला! कोवळी पानं, आणि पानांआड कळ्या. बारीक, हिरव्या, पण कळ्याच. फोटो काढून विहाराच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पौर्णिमेची तयारी'. धम्मदिनाताईंनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. रवींद्रने अंगठा.
संघरत्नाने फोटो मोठा करून पाहिला. म्हणाली, मागे कुंडीत कोण बसलंय?
सावली होती.

२० एप्रिल, रविवार
सावली नव्हती. कळ्या तुडवल्या गेल्या. नंबर लावणाऱ्यांनी रांग सोडून कुंड्यांत बसायला सुरुवात केली आहे.
मैत्री मैत्रीच्या जागी, स्टॉक सांभाळायलाच हवा. गोडाऊनमध्ये टाकून दिलेला स्ट्रेच रॅपचा रोल पडला होता, विचारून आणला. आम्ही पॅलेटला गुंडाळतो ना, तेच प्लास्टिक. दुपारभर खपून पूर्ण गॅलरी गुंडाळली. वरून खालपर्यंत, आडवं, मग उभं. चिमणीसुद्धा जाणार नाही. इतकं चांगलं पॅकिंग मी नोकरीतही केलेलं नाही.
बकुळा म्हणाली, आत हवा कुठून जाणार? म्हटलं, माल सुरक्षित आहे. हवेचं नंतर बघू.

२१ एप्रिल, सोमवार
सकाळी पॅकिंगच्या आतून घुमण्याचा आवाज.
सगळ्यात मोठ्या कुंडीत, मोगऱ्याच्या बुंध्याशी, एक पारवीण बसली आहे. मी तिला माल म्हणून पॅक केलं होतं. रात्रभर. तिच्याखाली दोन अंडी.
सकाळीच तर शील म्हटलं होतं, प्राण्याची हिंसा करणार नाही. कटर घेऊन सगळं प्लास्टिक फाडलं, पाणी ठेवलं, माफी मागितली. पारवीण उडाली नाही. पाणी प्यायली आणि पुन्हा अंड्यांवर बसली.
मोगऱ्याची कोवळी पानं उकडलेल्या अळूसारखी लोंबत आहेत. भिवंडीतलं ऊन, त्यात प्लास्टिक. पण मुळं जिवंत असणार. मुळांपर्यंत ऊन जात नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
अंडी हलवायची नाहीत, हे ठरलं. त्यामुळे त्या कुंडीला पाणी घालता येत नाही. बाकीच्या कुंड्यांना घालायला गेलो तर पारवीण पंख फटकारते. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाटलीने पिचकारी मारायची पद्धत काढली. पाणी पडद्यापर्यंत नक्की पोचतं. सराव वाढवायला हवा.

२७ एप्रिल, रविवार
ती आता मला ओळखते. मी दिसलो की एक पंख वर करते. बकुळाच्या मते मारायला. मला तो आशीर्वादासारखा वाटतो.

१ मे, गुरुवार
सुट्टी. बाग नीट पाहिली. एका रोपात धुगधुगी आहे. बाकीची वाळली आहेत असं म्हणता येईल, पण मी म्हणत नाही.
जेवताना बकुळा शांतपणे म्हणाली, "अहो, अजून वेळ आहे. रवींद्रभाऊंना एक फोन करा. पौर्णिमेला मूर्तीसमोरचं ताट रिकामं राहिलं तर चारचौघांत काय सांगाल?"
मी म्हणालो, फोन करणं म्हणजे मोगऱ्यावर अविश्वास.
दुपारी फोन केला. रवींद्र म्हणाला, बोला दादा. मी टेम्पोची तब्येत विचारली. चांगली आहे म्हणाला. ठेवला.

४ मे, रविवार
एक कळी! धुगधुगीवाल्या रोपाला. पांढरी दिसू लागली आहे. एक फूल श्रद्धेने वाहिलं तर एक टोपलीच्या बरोबरीचं असतं. विचार केला तर टोपलीची गरज काय?

८ मे, गुरुवार
अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. पिवळी, केसाळ, दिसायला अगदी बेढब. तरी पाहून हात आपोआप जोडले गेले.
आनंदात थोडं उशिरा लक्षात आलं. घरटं वाढवायला पिल्लांच्या बापाने बाकीच्या कुंड्यांतल्या काड्या तोडून नेल्या आहेत. कळीवालीसुद्धा. कळी घरट्याच्या काठाला दिसते आहे. पिल्लू तिच्यावर मान टाकून झोपलं आहे.
काढायला हात पुढे केला. पंख बसला. यावेळी आशीर्वाद जरा जोरात होता.

११ मे, रविवार
सकाळभर गॅलरीच्या दारात बसलो. भीती वाटली, खोटं का लिहू? उद्या सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत येणार आणि मूर्तीसमोर रिकामं ताट. तेही माझ्या शब्दामुळे.
मग सुचलं. फूल वाहताना आपण काय म्हणतो? हे फूल जसं कोमेजतं, तसंच हे शरीरही. मग कोमेजलेलंच का वाहू नये? उरलेल्या वाळक्या काड्या ताटात ठेवायच्या आणि चार शब्द बोलायचे. लोकांना फूल दरवर्षी मिळतं. विचार क्वचित.
भाषण बकुळाला म्हणून दाखवलं. तिने संपूर्ण ऐकलं आणि विचारलं, पहाटे कल्याणला जाऊन येता का?
तिला अनित्यता अजून नीट समजलेली नाही.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा
पांढरे कपडे घातले. ताटात काड्या मांडल्या, वर स्वच्छ रुमाल. विहारात गेलो.
मूर्तीसमोर मोगऱ्याचा ढीग. दारापर्यंत वास.
धम्मदिनाताई वाती लावत होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "रामदासभाऊ, तुमच्या शब्दावर विश्वास होता. पण पौर्णिमा काही पुढं ढकलता येत नाही. म्हणून मीटिंग संपल्यावर लगेच रवींद्रला सांगून ठेवलं होतं."
मार्चमध्येच. म्हणजे माझा मोगरा छाटायच्याही आधी.
मी रुमाल उघडला. भाषणाचं पहिलं वाक्य तोंडात आलंच होतं, तेवढ्यात महिला मंडळातल्या एकीने ताट हातातून घेतलं. म्हणाली, द्या दादा, कचरा मी टाकते. काड्या गेल्या. ताट पुसून त्यात खीर वाढायला घेतली.
वंदनेआधी रवींद्र रांगेतून फुलं वाटत आला. माझ्या ओंजळीत मोगरा ठेवला. टपोरा, ताजा, दव असल्यासारखा. बाजारचा वाटेना. विचारलं, कल्याणला किती वाजता गेला होतास?
रवींद्र म्हणाला, "कल्याणला कशाला जातोय दादा. घरचाच हाय. गॅलरीत जुनी झाडं हायत माझी. दरसाल पारवं एक कळी ठेवत नव्हतं. यंदा एप्रिलपासून आमच्या बिल्डिंगीत एक पन पारवा न्हाय. सगळं तुमच्या छज्ज्यावर बसतंय."
मी फुलं वाहिली.
घरी येताना हिशोब लागला. पारवे माझ्याकडे आले म्हणून रवींद्रचा मोगरा फुलला. म्हणजे नीट पाहिलं तर यंदा पूजेची सगळी फुलं माझ्यामुळेच आली. शब्द पाळला गेला.
हे बकुळाला सांगितलं. तिने मान हलवली, आत गेली आणि खराटा आणून माझ्या हातात दिला.