टिचकी मारून घेतलेली सायकल

माय, कशी आहेस? पाठीतली कळ तिथं तरी थांबली का, की अजून उठताना कमरेवर हात ठेवावा लागतो? बाबाचा दमा कसा आहे? थंडी पडली की त्याला रात्रभर भिंतीला टेकवून बसवावं लागायचं, तिथं थंडी पडते की नाही कोण जाणे. मावशीच्या गुडघ्यांना आराम पडला का? चांद्याचे सायकलवाले चाचा कधी भेटतात का, त्यांचा मोतीबिंदू निघाला असेल तर बरं, शेवटी शेवटी हातानं चाचपून पंक्चर शोधायचे. आणि आपला तो बांडा बैल, त्याचा जुवाखाली सुजलेला खांदा बसला का? त्यालाही माझा रामराम सांग.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझ्या सुनेला साखरेची गोळी सुरू आहे, पण चोरून गुळाचा खडा तोंडात टाकणं सुटलेलं नाही. पोरगा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातून रिटायर होऊन घरी बसला, आणि दिवसभर खाटेवर पडून माझ्याहून म्हातारा दिसायला लागला आहे. नात ऊर्जानगरला वीजकेंद्रात नोकरीला आहे, तिथंच क्वार्टरमध्ये राहते, सुटीला येते. माझं म्हणशील तर दात गेले, कानाला कमी येतं, बाकी गाडी चालू आहे. हसू नकोस, की हा पत्र लिहायला बसला आणि आधी गावभराची खुशाली विचारत बसला. बाजारात बसून जन्मभर लोकांची पत्रं लिहिली, तीच सवय हाताला लागली. आधी एकेकाचं दुखलंखुपलं, मग काम. हजारो लोकांच्या माय-बापांना मी पत्रं लिहिली, तुला मात्र एकही नाही. तू घरातच होतीस, आणि तुला वाचता येत नव्हतं.

आता काम सांगतो. परवा नात आली ती टेम्पोत सायकलीच्या दोन जुन्या फ्रेमा टाकून. नुसत्या फ्रेमा, ना चाक ना पायडल. तिच्या क्वार्टरकडच्या पोरापोरींना सध्या जुन्या चालीच्या सायकलींचं वेड लागलं आहे. नळ्यांच्या जोडावर लग असलेली पोलादी फ्रेम हवी, आणि मागं फ्रीव्हील नको, फिक्स हवं. म्हणजे चाक फिरतं आहे तोवर पायडलही फिरणार, पाय थांबवायचे म्हटलं तरी थांबत नाहीत. नवीन घ्यायला गेलं तर पगार पुरत नाही म्हणाली, म्हणून भंगारवाल्याकडून दोन आणल्या, एक ठेवायची आणि एक परत करायची बोलीवर. अंगणात दोन्ही भिंतीला लावल्या आणि मला म्हणते, "आबाजी, तुम्ही तर जिंदगी काढली फिक्सवर. सांगा, यातली कोनती ठेवू?" आपली जुनी हिरवी फ्रेम मी तिला केव्हाच देऊन टाकली असती, पण पोरीचे पाय लांब, तिला ती आखूड पडते. मी खुर्चीत बसलो होतो. खरं सांगतो, माय, कोणती चांगली हे बघायला मी मान वर केली, तर तू कुठं होतीस?

तुला तो दिवस आठवत असेल. त्याच्या आधीचं तर आठवतंच असेल. तापात माझा डावा पाय गेला तेव्हा मी नुकता धावायला लागलो होतो म्हणे. वर्षानुवर्षं तू त्या पायाला मोहाच्या बियांचं तेल चोळलंस. पाय काही भरला नाही, फक्त गुळगुळीत झाला. आपलं घर कुंभाराचं, चिखल तुडवायला दोन पाय लागतात, म्हणून मला मातीत कुणी उतरवलं नाही. मी किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडून सोडून वाचायला शिकलो, मग लिहायला. तू मडकी घेऊन बाजारात बसायचीस, मी शेजारी बसून लोकांची पोष्टकार्डं लिहायचो. कुणाचा पोरगा बल्लारपूरच्या खाणीत, कुणाचा भाऊ नागपूरच्या गिरणीत. आपल्या गावच्या बाजारात मी काठी टेकत यायचो, पण दुसऱ्या गावचा बाजार असला की बैलगाडीत मडकी भाताच्या तणसात बसवायचीस आणि त्यांच्याच मधे मला. एकदा परतताना तू बैलाकडं बघत म्हणालीस, "मी हाओ तवरक तनसात बसशीन. मंग कोन बसवन तुले?" मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला, आणि एवढ्या एका गोष्टीचंच भय मला रोज वाटायचं. ते तुलाही वाटतं हे त्या दिवशी कळलं.

त्याच हिवाळ्यात मूल गावच्या बाजारात सायकलचा खेळ आला. माणूस गोल रिंगणात उलटी सायकल चालवत होता, मागं तोंड करून, हँडलवर बसून. सगळे त्याचं तोंड बघत होते, टाळ्या पिटत होते. तू त्याचे पाय बघत होतीस. मला कोपरानं ढोसलंस आणि म्हणालीस, "पाय पाह्य त्याचे. तो चालवूनच नाई राह्यला. चाकच पाय फिरवून राह्यलं." खेळ संपल्यावर तू तडक त्याच्याकडं गेलीस आणि विचारलंस की बाबा, एकाच पायात जोर असला तर ही गाडी दुसऱ्या पायाला ओढून नेईल का. त्यानं घाम पुसला आणि वाकून माझा पाय बघितला. मग म्हणाला की नेईल, फक्त पाऊल पायडलला बांधून ठेवावं लागेल, आणि चांद्याला अमुक वेशीजवळ एक मिस्त्री आहे, खेळाच्या गाड्या तोच बांधतो.

मूलहून छोट्या लाइनीच्या आगगाडीनं आपण चांद्याला गेलो. तू लुगड्यात गुंडाळून एक सुरई घेतली होतीस, रिकाम्या हातानं कुणाकडं जायचं नाही म्हणून. चाचांनी सुरई घेतली, मला स्टूल दिलं, आणि माझा पाय कुणी डॉक्टरानं बघितला नसेल इतक्या निवांत बघितला. दुकानात पुढं टांगलेल्या नव्या फ्रेमा आपल्यासाठी नव्हत्या, हे त्यांनीही ओळखलं आणि आपणही. मागच्या बाजूनं त्यांनी तीन जुन्या काढल्या. एक लालभडक रंगवलेली, तिला जोडावर काही नव्हतं, नळीला नळी नुसती झाळून चिकटवलेली. दुसरी काळी, तिसरी हिरवी, रंग उडालेली. या दोघींच्या प्रत्येक जोडावर लोखंडाची नक्षीदार बाही बसवलेली होती. चाचांनी तिच्यावर बोट ठेवून सांगितलं की याला लग म्हणतात, नळी आत जाते आणि मधल्या फटीत पितळ पाजतात, उद्या एखादी नळी गेली तर तापवून तेवढीच काढता येते. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "म्हंजे मडक्याच्या मानेच्या जोडाले जादा माती." चाचा म्हणाले, "बस, वही."

मग तू ते केलंस जे तू कुठल्याही मडक्याला करायचीस. लाल फ्रेम एका बोटावर अधांतरी लटकवलीस, दुसऱ्या हातानं नळीला टिचकी मारलीस आणि कान लावलास. "बद्द हाय," म्हणालीस, आणि बाजूला ठेवून दिलीस. चाचांना हसू आलं. ते म्हणाले, "बाई, ये लोहा है, घागर नाई. वाजवून काय समजते त्याचं?" तू म्हणालीस, "भट्टीतून तर तुमचंबी निंगते ना, भाऊ." दुकानातला चहा पीत बसलेला एक माणूस खो खो हसला, आणि चाचांनी दोन्ही हात वर करून हार मानली. तरी नंतर मला म्हणाले की लाल मीही देणार नव्हतो, पण आवाजावरून नाही.

राहिल्या काळी आणि हिरवी. उंची सारखी, दोन्ही आपल्या आवाक्यातल्या, चाचा म्हणाले कुठलीही घ्या. काळी दिसायला कितीतरी बरी होती. मला वाटलं तू ठरवशील. आपल्या घरात माती कुठली आणायची इथपासून मुलगी कुठं द्यायची इथपर्यंत तूच ठरवायचीस. पण तू मागं सरलीस आणि म्हणालीस, "तू सांग. चालवाची तुले आहे." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी निवडायला सांगत होतं. मी तुझ्यासारखीच काळी लटकवली, टिचकी मारली. मग हिरवी. आणि म्हणालो, हिरवी. तुझा चेहरा असा फुलला, माय, की मी तो अजून विसरलो नाही. चाचांना म्हणालीस, "पाय नेला देवानं, पर कान ठेवला. कुंभाराचा कान हाय त्याले."

खळ्यावर तू मला शिकवलंस तेव्हा कापणी होऊन गेली होती. बांड्या बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा चामडी पट्टा कापून तू माझं डावं पाऊल पायडलला बांधलंस आणि मागून धरलंस. मी सारखा एका अंगाला कलंडायचो. एकदा तणसात पडून रडायला लागलो तर तू उचललं नाहीस, नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मडकं असतं तर फुटलं असतं. तू नाई ना फुटला? बस मंग." पुन्हा बसलो. उजव्या पायानं रेटा दिला, चाक फिरलं, आणि चाकानं डावं पाऊल वर उचललं, पुढं नेलं, खाली आणलं, पुन्हा उचललं. मी काहीच करत नव्हतो, तो पाय आपोआप चालत होता, दुसऱ्या पायाच्या बरोबरीनं. तू हात केव्हा सोडलास कळलं नाही. वळून आलो तेव्हा तू खळ्याच्या मधोमध मातीत बसली होतीस आणि एकच वाक्य म्हणत होतीस, "पाय चालून राह्यला रे. पाय चालून राह्यला."

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. सावली, मूल, सिंदेवाही, पार वैनगंगा ओलांडून गडचिरोलीपर्यंत, ज्या दिवशी जिथं बाजार तिथं मी. लोक म्हणायचे पत्रवाला आला, घुंगरं वाजली. उतारावर पायडल असे गरगर फिरायचे की जीव मुठीत धरावा लागायचा, पण फिक्स असल्यामुळं गाडी धरून ठेवता यायची. असल्याच एका बाजारात मी तुझी सून बघितली, तीही आपल्या सायकलीकडंच आधी बघत होती. पुढं एकदा खालची नळी तडकली, तेव्हा चाचांनी म्हातारपणी लग तापवून ती बदलून दिली. म्हणजे गाडी टिकली ती तुझ्या कानामुळं की त्यांच्या पितळामुळं, हा वाद तुम्ही दोघं तिथं बसून मिटवा. मी त्यात पडत नाही.

फक्त एक. तू जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या कानाची गोष्ट सांगितलीस. बाजारात गिऱ्हाईक आलं की घागर माझ्याकडं द्यायचीस, "हा सांगन," म्हणायचीस, आणि मी टिचकी मारून चांगली, नाही, असं सांगायचो, आणि ते कधी चुकायचं नाही. तू गेल्यावर मी एकही घागर वाजवून घेतली नाही. घरात कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

तर परवा अंगणात नात माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. मी तिला म्हटलं, तूच वाजवून पाह्य, चालवाची तुले आहे. तिनं पहिली फ्रेम बोटावर लटकवली, टिचकी मारली, मग दुसरी. पुन्हा पहिली. डोळे बारीक केले, ओठ एकमेकांवर दाबून धरले, आणि दुसरीला टिचकी मारल्यावर ते दाबलेले ओठ कोपऱ्यातून जरा हलले. माय, तो तुझा चेहरा होता. भट्टी उघडल्यावर मडकं मनासारखं निघालं की खुशी लपवायला तू असंच करायचीस. म्हणाली, "आबाजी, ही पहिली बसकी वाजते. ऐकू येते का तुमाले?" मी कानावर हात ठेवून नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. मी तसंच वाटू दिलं. तिनं पहिलीचा रंग खरवडून बघितला, भेगबिग काही दिसली नाही. तरी तिनं तीच परत दिली. आता दुसरीला चाक चढतं आहे, आणि घुंगरांचा पट्टा ती माझ्याकडून मागून घेऊन गेली.

आता तुला खरं सांगतो. मला वय झालं म्हणून ऐकू आलं नाही असं नाही. त्या दिवशी चांद्यालाही मला दोन्हींचा आवाज अगदी सारखाच ऐकू आला होता. घागरींचाही तसाच यायचा, सगळ्या सारख्या. मी टिचकी मारून फक्त तुझ्या तोंडाकडं बघायचो.

हे पत्र घडी करून आपल्या हिरव्या फ्रेमच्या उभ्या नळीत टाकून ठेवावं असं मनात होतं. पण मग ती बद्द वाजेल, आणि घरात आता ऐकणारं माणूस आलं आहे. म्हणून उशीखालीच राहू देतो. रागावली नसशील तर उत्तर लवकर धाड. लिहिता येत नाही ही सबब सांगू नकोस, चाचांकडून लिहून घे. त्यांना उर्दूच येते, चालेल. मी इथं कुणाकडून तरी वाचून घेईन.