डावा खांदा आणि तीन टिंबं

सोमवार, ४ तारीख
हे कसलं सॉफ्टवेअर म्हणायचं? गिऱ्हाईक पंधरा मिनिटं डोकं खातं, मी एका बोटाने टाइप करते, आणि सूचनेच्या कॉलममध्ये दिसतं काय, तर ‘पँट कमरेत दो’ आणि पुढे तीन टिंबं. ह्यांनी कात्री खाली ठेवली. विचारलं, मी नेमकं कापू काय? म्हटलं, टिंबं कापा.
प्रोग्रॅम नणंदेच्या जावयाने केलाय, म्हणून कुणी बोलायचं नाही. मी बोलणार. चौथी पास असले तरी अर्धवट काम मला चालत नाही.
निश्चय : काउंटरवर तोंड आवरायचं. नणंद टपलीय त्या खुर्चीवर.

मंगळवार, दुपार
निश्चय सकाळीच मोडला. कारण रास्त होतं, आता आठवत नाही.
बसचे ड्रायव्हर आले. रिटायर होतायत. शनिवारी डेपोत निरोप आहे, भावाचा कोट स्वतःच्या अंगाला बसवून हवाय. जन्मात पहिला कोट. हे जेवत होते, म्हणून सूचना मीच घेतली. अगदी हळू म्हणाले, ताई, हा डावा खांदा... म्हटलं, लिहिलं. म्हणाले, तसं नाही, अपघातानंतर तो... म्हटलं, दादा, मागे लाइन लागलीय, सगळं कॉम्प्युटरात गेलं, निर्धास्त जा.
निर्धास्त गेले. शेवटची लांबची फेरी, फोन बंद, शनिवारी सकाळी थेट कोट न्यायला येणार. माणसाचं समाधान करणं शिकवून येत नाही.

बुधवार
कॉलममध्ये ‘डावा खां’ आणि टिंबं. ह्यांनी खडू हातात धरून माझ्याकडे बघितलं. नणंद म्हणाली, वहिनीच्या लक्षात असेलच की. म्हटलं, डोक्यात ठेवायचं तर कॉम्प्युटर कशाला पोसलाय?
जावईबापूंना फोन लावला. म्हणाले, मामी, कॉलमच्या कडेला दोनदा... म्हटलं, दोनदा नको, एकदाच करा पण धड करा. आणि ठेवला.
मग मीच दुरुस्तीला बसले. कॉलम धरून ओढला. ऐसपैस झाला! फक्त नावं, तारखा सगळं स्क्रीनबाहेर गेलं. संध्याकाळपर्यंत अंदाजाने कपडे दिले. शाळेतल्या एका मास्तरांनी पिशवीतून फुलाफुलांचा गाऊन काढून काउंटरवर ठेवला. मी तो घडी घालून आत ठेवला.

गुरुवार
जावईबापू स्वतः आले. कॉलमच्या कडेला माउस नेला, दोनदा क्लिक केलं, कॉलम आतल्या मजकुराएवढा रुंद झाला. म्हणाले, हेच सांगत होतो, मामी. म्हटलं, मग सांगायचं ना!
आता अक्षर न् अक्षर दिसतं. नणंदेने लिहिलेलं तर पुराणच : ‘उजवी बाही मनगटापासून एक बोट आत, बटण तेच, बाईंना घट्ट आवडत नाही.’ आणि ड्रायव्हरांच्या नावापुढे : ‘डावा खांदा’.
संपलं. एवढ्या खटाटोपातून हाती काय आलं, तर ‘दा’.
जावईबापूंनी माझ्या समाधानासाठी परत क्लिक केलं. ‘दा’च. मग वर बघितलं, खाली बघितलं. माझ्या सगळ्या सूचना तसल्याच. ‘बाही जरा’. ‘गळा इथून’. टिंबंसुद्धा नाहीत.
नणंद खुर्ची पुसायला लागली.
ह्यांनी विचारलं, खांदा उतरलाय की वर चढलाय? म्हटलं, डावा आहे. हे म्हणाले, अगं, तू समोरच्याला पुरतं बोलू... म्हटलं, पुरे.

गुरुवार, संध्याकाळ
कोट घालून आरशासमोर उभी राहिले. डावा खांदा वर केला. मग खाली पाडला. दोन्ही बरे दिसतात. माणूस शनिवारी चारशे लोकांसमोर उभा राहणार आहे, आणि मी त्याला निर्धास्त जा म्हटलंय.
जावईबापूंना मेसेज टाकला : मी लिहिलेलं दिसतंय, आभार. पण ड्रायव्हर पुढे जे सांगणार होते, ते तुमच्या सॉफ्टवेअरने कुठे ठेवलंय? उद्या, शुक्रवारी, दुकान बंद व्हायच्या आत उत्तर पाहिजे.